भोजनकारभाऱ्याची जीभ

नाताळ जवळ आला, की इंग्रजी नियतकालिकांतून आणि त्यांच्या पाठोपाठ मराठी पुरवण्यांतूनही एक ठरावीक लेख अवतरतो. सणाच्या मेजवानीस कोणती वाइन घ्यावी, फेसाळ बाटली कोणती उघडावी, याची यादी त्यात असते. या लेखनाकडे समीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः चवीविषयी लिहिणे हीही समीक्षाच होय. तिला एकच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते : स्वतःच्या जिभेने निवड करण्याचे सामर्थ्य हे लेखन वाचकाला देते काय?

या कसोटीवर यातील बहुतेक लेख उतरत नाहीत. कारण त्यांची भाषा उसनी असते. ब्लॅकबेरी, गूजबेरी, ओकचे लाकूड अशी वर्णने वाचून वडूजच्या वाचकाला कशाचा बोध व्हावा? मराठीत चवीच्या शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. आंबूस, तुरट, कडसर, गुळमट, उग्र, मिळमिळीत ही आपल्या स्वयंपाकघरातलीच विशेषणे आहेत. शिराझ या लाल वाइनमध्ये जांभळाचा तुरटपणा आणि मिरीचा ठसका आढळतो, सोव्हिन्यों ब्लांकला कच्च्या पेरूचा आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो, एवढे सांगितले तरी वाचकाच्या हाती काही लागते.

दुसरा दोष नावाला भुलण्याचा. चवीच्या समीक्षेचा एक जुना आदर्श योहानाच्या शुभवर्तमानात आहे. काना येथील लग्नात सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस झाला, तेव्हा तो प्रथम चाखला भोजनकारभाऱ्याने. तो कोठून आला, हे सेवकांना ठाऊक होते, त्याला नव्हते. म्हणूनच त्याच्या अभिप्रायाला मोल आहे. १९७६ साली पॅरिसमध्ये झालेल्या एका चाचणीत फ्रेंच परीक्षकांपुढे बाटल्यांची नावे झाकून वाइन ठेवण्यात आल्या. पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही वर्गांत अग्रस्थान मिळाले ते कॅलिफोर्नियाच्या वाइनला. नाव झाकताच प्रतिष्ठेचा पडदा गळून पडला होता.

गेल्या नाताळात वडूजच्या एका घरी आम्ही हाच प्रयोग केला. तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या : नाशिककडची शेनिन ब्लांक, अकलूजची सांजोव्हेसे आणि मुंबईच्या नातलगाने आणलेली एक महागडी परदेशी लाल वाइन. पानात कांदा-लसूण मसाल्याचे मटण आणि भाकरी होती. परदेशी बाटली एकटी चाखताना भारदस्त वाटली. पण रश्श्याच्या घासाबरोबर तिचा तुरटपणा आणि मिरचीचा तिखटपणा एकमेकांना चेतवू लागले. सांजोव्हेसे बरी निभावली. सर्वांत आधी रिकामी झाली ती थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लांक. किमतीचा क्रम आणि पसंतीचा क्रम नेमके उलटे निघाले.

त्यातली अकलूजची बाटली आम्हांस विशेष बोलकी वाटली. खटावचा दुष्काळी मुलूख, पुढे माण, आणि माण ओलांडला की माळशिरस तालुका. तेथे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेक्की या तीन घराण्यांतील भावांनी मिळून 'फ्रातेल्ली' उभी केली. त्या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ'. आमची येरळा पुढे ज्या सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते, तेथील तासगावचा भाग खाण्याच्या द्राक्षांसाठी आणि बेदाण्यासाठी प्रसिद्ध. शासनाच्या २००१ च्या धोरणानुसार वाइन उद्यानांसाठी विंचूरबरोबर पलूसचीही निवड झाली. मात्र विंचूरची ख्याती पलूसला लाभली नाही. खाण्याचे द्राक्ष बिनबियांचे, गोड, पातळ सालीचे हवे. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा मिळतो तो सालीतून आणि बियांतून. द्राक्षांचा मुलूख हा आपोआप वाइनचा मुलूख होत नाही, तो असा.

फेसाळ वाइनविषयी थोडे. शँपेन हे नाव फ्रान्समधील त्याच प्रांतातल्या वाइनचे. प्रत्येक फेसाळ बाटलीला ते लावणे चूक होय. महाराष्ट्रात हा मार्ग दाखवला तो १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या नारायणगावच्या प्रकल्पाने. त्याची 'ओमर खय्याम' परदेशीही गेली. बाटलीवर 'ब्रूट' लिहिले असेल, तर लिटरमागे साखर १२ ग्रॅमहून अधिक नसते. अशी वाइन फळांच्या केकबरोबर आंबट लागते. चकली किंवा तळलेल्या मासळीबरोबर मात्र फार खुलते. केकसाठी 'डेमी-सेक' ही गोड जात पाहावी. फेसाळ बाटली चांगली गार करावी. लाल वाइनही आपल्याकडच्या दुपारी अर्धा तास थंड केलेली बरी. दुकानाच्या उन्हात उभी ठेवलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आम्ही एकदा तशी घेतली आणि शिजवलेल्या फळांसारखी बेचव वाइन सिंकमध्ये ओतली. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत सहा पेले निघतात. हिशेब त्यावरून करावा.

आता आमचा मुख्य आक्षेप. हे सारे लेख बाटली निवडतात. पंक्तीला कोण बसले आहे, हे पाहत नाहीत. मराठी बायबलमधील 'द्राक्षारस' हा शब्द सुंदर आहे, पण त्यातील 'रस' मादकता झाकून टाकतो. १३ टक्के मद्यार्काच्या वाइनचा सव्वाशे मिलिलिटरचा पेला घेतला, तर व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगाहून त्यात मद्यार्क अधिकच भरतो. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. ज्या सातारा जिल्ह्यात गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी केली, तेथे शब्दाच्या आडोशाला उभे राहणे शोभत नाही.

त्या रात्री आमच्या पंक्तीत एक गृहस्थ होते. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली, तेव्हा कोठे त्यांचे घर सावरले. यजमानीणबाईंनी त्यांच्यासाठी कोकमचे सरबत केले होते आणि ते इतरांच्यासारख्याच उंच दांड्याच्या पेल्यात दिले. कोणी आग्रह केला नाही, कोणी चौकशीही केली नाही. पेले उंचावताना कोणाच्या हाती काय आहे, हे ओळखू येत नव्हते. त्यांच्या पत्नीने मात्र ते पाहिले आणि ती निर्धास्तपणे जेवायला बसली. मेजवानीची निवड कशी करावी यावरील कोणत्याही लेखात हा पेला आम्हांस आजवर आढळलेला नाही.