सामायिक ब्रँच आणि पुशची जबरदस्ती

आज आपण पुशकडे वळू, आणि आमचा सूर जरा तक्रारीचा असेल.

लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी गिट लिहायला घेतलं. तिथली रीत अशी, की आपलं काम आपल्या रिपॉझिटरीत ठेवायचं आणि वरच्याला सांगायचं, ‘ओढून घ्या’. पुढे काय झालं? तेच अवजार आपण एकाच ब्रँचवर दहा जण ढकलाढकली करायला वापरू लागलो.

म्हणजे बघा, सकाळी सहकाऱ्याने पुश केलं. दुपारी तुम्ही करता, तर गिट नकार देतं. नकार योग्यच आहे, कारण तिचं काम तुमच्याकडे आलेलंच नाही. पण घाईत असलेल्या माणसाला कुणीतरी सांगतं, ‘अरे, फोर्स लाव की.’ ब्रँच म्हणजे शेवटच्या कमिटकडे दाखवणारा बाण. फोर्स तो बाण उचलून तुमच्या कमिटवर ठेवतं. तिचे कमिट लगेच पुसले जात नाहीत, पण त्या ब्रँचवरून दिसेनासे होतात. ती आपली शोधत बसते.

नोव्हेंबर 2013 मध्ये जेन्किन्स प्रकल्पाच्या 186 रिपॉझिटरींवर एका सदस्याकडून चुकून फोर्स पुश झाला आणि ब्रँचचे बाण जुन्या कमिटवर गेले. गिटहबच्या मदतीने ते परत जागेवर आणता आले. अशा वेळी लोक आधी विचारतात, ‘कोणी केलं?’ आम्हाला हा प्रश्न गौण वाटतो. एका माणसाच्या एका कृतीने एवढं होऊ शकत होतं, ते का? गिटहबवर ब्रँचला संरक्षण द्यायची सोय आली ती 2015 मध्ये.

गंमत म्हणजे गिटला हा धोका ठाऊक आहे. रिपॉझिटरी ‘शेअर्ड’ म्हणून सुरू केली, तर ती मागे जाणारा पुश आपणहून नाकारते. साधी बेअर रिपॉझिटरी मात्र नाकारत नाही. गिटलॅब मुख्य ब्रँचला सुरुवातीपासून कुलूप घालतं. गिटहबवर नव्या रिपॉझिटरीत ते आपण घालायचं. आणि कुलूप न घालता नवख्या मुलाला ‘जपून वापर’ सांगणारे सीनियर, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

आता ‘फोर्स-विथ-लीज’. सर्व्हरवरचा बाण आपण शेवटचा पाहिला तिथेच असेल, तरच हा पर्याय पुढे जातो. कल्पना चांगली आहे. पण ‘पाहिला’ म्हणजे फेच झाला, एवढंच! तुमचा एडिटर मागच्या मागे फेच करत असेल, तर सहकाऱ्याचं काम तुम्ही न बघताच ‘पाहिलेलं’ ठरतं आणि लीज बिनदिक्कत पुढे जाते. या पर्यायाची ढाल करून निर्धास्त राहणाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. गिट 2.30 मध्ये त्याच्या जोडीला ‘फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ आलं. फेच झालेलं काम तुमच्या स्थानिक ब्रँचमध्ये खरोखर आलं होतं का, हे ते रिफलॉगमधून तपासतं. मात्र ते आपोआप लागू होत नाही. दर वेळी लिहा, नाहीतर कॉन्फिगमध्ये एकदाच चालू करून ठेवा.

तुमच्या एकट्याच्या ब्रँचवर हवं तितकं फोर्स करा, आमची हरकत नाही. फक्त रिव्ह्यू सुरू झाला, की ती ब्रँच तुमच्या एकट्याची उरत नाही.