एका स्पीकरचा समीक्षक

माणूस समीक्षक कसा होतो याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. मी कसा झालो ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता.

१९७६ च्या सुमाराला मी पुण्यातल्या एका साप्ताहिकात प्रुफं तपाशीत असे. (ते साप्ताहिक पुढं बंद पडलं. माझ्यामुळं नव्हे.) एके दिवशी संपादकांच्या मनात आलं, तरुण वाचकांसाठी विलायती रेकॉर्डींचं परीक्षण सुरू करावं. त्यांनी कचेरीत विचारलं, "बीटल्स कोणी ऐकलेत?" मी हात वर केला. खरं सांगायचं तर मी माशी हाकलत होतो. पण हात वर गेला तो गेला. सदराचं नाव ठरलं 'अमेरिकेची गाणी'. बीटल्स इंग्लंडचे, हे मी भीत भीत सुचवून पाहिलं. संपादक म्हणाले, "असू द्या हो, सगळं तिकडंच आलं."

मानधन पंधरा रुपये. रेकॉर्डी माझ्या मी मिळवायच्या. शिकागोचा मामेभाऊ दर दोन वर्षांनी यायचा आणि आईसाठी आणलेल्या साबणवड्यांच्या खाली चार रेकॉर्डी असायच्या. त्यामुळं माझ्या सदरातल्या ताज्या रेकॉर्डी सरासरी सात वर्षं शिळ्या असत आणि त्यांना लव्हेंडरचा वास येई. माझ्या प्लेअरला स्पीकर एकच होता. रेकॉर्डवर मोठ्या अक्षरांत 'स्टिरिओ' लिहिलेलं असलं की मला उगीचच अपराधी वाटायचं. दोघांचं आमंत्रण असलेल्या लग्नाला एकट्यानंच जाऊन जेवून यावं तसं.

विशेषणं माझ्याकडे दोन होती. पुरुष गात असला तर 'रांगडा', बाई गात असली तर 'आर्त'. तिसऱ्या लेखानंतर आमची ही म्हणाली, "अहो, गेल्या महिन्यातली बाईही आर्तच होती. हिला काहीतरी वेगळं होऊ दे की!"

आता या धंद्यातले खरे महारथी पाहा. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाउ नावाच्या गृहस्थांनी १९६९ पासून रेकॉर्डींना चक्क मार्क द्यायला सुरुवात केली. ए, बी, सी, शिवाय त्यांना अधिक-उणे. दोन-चार ओळींत निकाल. मला हा माणूस फार जवळचा वाटला, कारण आमचे वडील मॅट्रिकचे पेपर तपाशीत. तेही असेच रात्री कंदिलाशी बसून एका पोराच्या वर्षभराचा निकाल तीन मिनिटांत लावीत. फरक एवढाच, की पेपरातली पोरं वडिलांना उलट बोलत नसत. गायक बोलतात. लू रीड नावाच्या गायकानं १९७८ च्या 'टेक नो प्रिझनर्स' या मैफिलीच्या रेकॉर्डमध्ये गाणं बाजूला ठेवून क्रिस्टगाउंना नाव घेऊन शिव्या दिल्या. क्रिस्टगाउंनी काय करावं? रेकॉर्ड शांतपणे ऐकली, सी अधिक दिला आणि माझं नाव बरोबर उच्चारल्याबद्दल आभारी आहे, असं लिहिलं. याला म्हणतात परीक्षक.

पण माझा खरा सगासोयरा दुसराच. बीटल्सची 'सार्जंट पेपर' १९६७ मध्ये निघाली तेव्हा सारं जग वेडं झालं. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या विशीतल्या समीक्षकानं तेवढी ती झोडपली. वाचकांच्या संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढं पुष्कळ वर्षांनी त्यानंच सांगितलं, की त्या वेळी त्याच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन येरझारा घातल्या. माझी अख्खी कारकीर्दच बिघडलेल्या स्पीकरची. मात्र मला संतापाचं एकही पत्र आलं नाही. एक आलं होतं, ते वर्गणीबद्दल.

आणि चुकतात ते काही फक्त समीक्षक नव्हेत. विली नेल्सननं १९७५ मध्ये 'रेड हेडेड स्ट्रेंजर' करून दिली. गिटार, थोडा पियानो, हार्मोनिका आणि त्याचा तो नाकातला, घाई नसलेला आवाज. कंपनीच्या साहेबांना वाटलं, हा नुसता कच्चा नमुना आहे, खरी रेकॉर्ड मागाहून येईल. तीच खरी होती. ती कंट्री संगीताच्या यादीत पहिली आली. वरणभात वाढल्यावर "जेवण कधी?" असं विचारणारे पाहुणे असतात, त्यातला प्रकार.

हे सगळं सांगतोय ते मूळ गोष्टीला जरा उशीर व्हावा म्हणून. मूळ गोष्ट जॉनी कॅशची.

'ॲट फॉल्सम प्रिझन' ही त्याची रेकॉर्ड १३ जानेवारी १९६८ ची. कॅलिफोर्नियातल्या फॉल्समच्या तुरुंगात, कैद्यांच्या भोजनगृहात, कैद्यांसमोर गायलेली. (त्याच जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करीत होता. कोण कुठं जाऊन गाईल, सांगता येत नाही.) कॅश स्वतः फॉल्सममध्ये कधी कैदी नव्हता. लष्करात, जर्मनीत असताना त्या तुरुंगावरचा सिनेमा त्यानं पाहिला आणि गाणं लिहिलं. त्या गाण्यात एकजण बिनकारण केलेल्या खुनाची कबुली देतो आणि ती ओळ संपते न संपते तोच श्रोत्यांतून एक आरोळी उठते. अंगावर काटा येतो. मी लेखाची पाऊण जागा त्या आरोळीला दिली. 'गजांआडच्या काळजातून फुटलेली ही दाद कुठल्याही स्टुडिओत जन्माला येणार नाही,' असं एक वाक्य मी लिहिलं. ते मला इतकं आवडलं, की हिलाही वाचून दाखवलं. पाचपैकी साडेचार तारे दिले.

आमच्या खाली जेलरकाका राहात. येरवडा, ठाणे, नाशिक असं करून निवृत्त झालेले. गाण्याशी त्यांचा संबंध सकाळच्या भक्तिगीतांपुरता. पण छापलेला कागद वाचल्याशिवाय रद्दीत टाकायचा नाही, हा नियम. रविवारी वर आले. "काय हो समीक्षक, ती तुमची जेलची तबकडी ऐकवा पाहू."

मी लावली. काका गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले, तपासणीला आल्यासारखे. मध्ये एके ठिकाणी तुरुंगाच्या कर्ण्यावरून कैद्याला बोलावणं येतं, तेही रेकॉर्डवर आहे. काकांनी मान हलवली. "हे खरं. हा आवाज जगात सगळीकडे सारखाच. बोलवायचं असतं एकाला, गोळा येतो सगळ्यांच्या पोटात."

मग ती ओळ आली आणि ती आरोळी.

"हे कोण ओरडलं?"

"कैदी, काका."

"छे. पुन्हा लावा."

तीनदा लावली. रेकॉर्डवर तिथं एक चरा पडला तो आजही आहे. काका म्हणाले, "भिंतीशी शिपाई उभे असणार की नाही? खुनाच्या गोष्टीला पहिली दाद कोण देतो, ते शिपाई बघून ठेवतात. कैदी दाद देतो, नाही असं नाही. पण आधी डोळे फिरवून बघतो आणि मग देतो. हा बेधडक ओरडतोय. याला रात्री घरी जायचंय."

मी म्हटलं, "काका, ती अमेरिका आहे."

"जेलच आहे ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठेवणीतली दोन विशेषणं होती, ती चालण्यासारखी नव्हती.

पुढं खाणकामगारांचं एक उदास गाणं आहे, 'डार्क ॲज अ डन्जन'. ते गाताना कोणीतरी भलत्याच जागी हसतो, कॅशलाही हसू फुटतं आणि तो गाता गाता, हसू नका बाबांनो, अशा अर्थाचं काहीतरी बोलून जातो. लेखात मी याला 'ध्वनिमुद्रणातील अक्षम्य त्रुटी' म्हटलं होतं आणि अर्धा तारा कापला होता. काका मात्र पहिल्यांदाच हसले. "हां! हा आमचा. नको तिथं हसणारा प्रत्येक बराकीत एक असतोच."

शेवटचं गाणं, 'ग्रेस्टोन चॅपेल', त्याच तुरुंगातल्या ग्लेन शर्ली नावाच्या कैद्यानं लिहिलेलं. कॅशनं ते आदल्या रात्री बसवलं. शर्ली पहिल्या रांगेत होता. त्याचं गाणं त्याच्यासमोर गायलं गेलं. ते संपल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचं पुढं काय झालं?"

"सुटला असेल की."

"सुटणं सोपं असतं हो." उठता उठता त्यांनी विचारलं, "साडेचार तारे दिलेत ना? त्यात गाण्यांचे किती आणि आरोळीचे किती?"

सदर मी आणखी वर्षभर लिहिलं, पण तारे देणं बंद केलं. संपादकांना सांगितलं, छापखान्यात खिळे कमी पडतात.

२००४ मध्ये मायकेल स्ट्राइसगुथ यांचं या एका रेकॉर्डवरचं अख्खं पुस्तक निघालं. मामेभावानं ते पाठवलं. (साबण आता इथंही मिळतात, त्यामुळं पुस्तक नुसतंच आलं.) त्यात होतं, की ती आरोळी मागाहून, ध्वनिमुद्रणावर काम करताना घातलेली आहे. प्रत्यक्षात कैदी अशा ठिकाणी जपून होते, पहारेकऱ्यांच्या भीतीनं. सुरुवातीचा जल्लोषसुद्धा सांगून ठेवलेला. कॅश नाव सांगेपर्यंत गप्प राहा, मग करा काय गोंधळ करायचा तो, असं निवेदकानं आधीच बजावलं होतं. शर्ली १९७१ मध्ये सुटला. कॅशनं त्याला स्वतःच्या ताफ्यात घेतलं, गायला उभं केलं. त्याला बाहेरचं जग झेपलं नाही. कॅशलाही त्याला पुढं ताफ्यात ठेवता आलं नाही. १९७८ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पुस्तक घेऊन मी जिन्याच्या चार पायऱ्या उतरलो आणि मग आठवलं, की खालच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे.

रेकॉर्ड वाईट नाही. मुळीच नाही. आरोळी खोटी आहे म्हणून कॅशचा आवाज खोटा होत नाही. थोडा घोगरा, कधी सुराच्या अलीकडे थांबणारा, पण समोरच्याला खालच्या पायरीवर न बसवणारा तो आवाज आहे. फाशीची मिनिटं मोजणारं एक गाणं तो तिथं गातो, तेही विनोदी, आणि ऐकणारे हसतात. एवढी जोखीम मी दुसऱ्या कुणाला घेताना ऐकलेलं नाही. मी वाखाणलेली जागा चुकीची होती आणि जिचे गुण कापले तीच जागा सोन्याची होती, इतकंच.

परवा नातवाला म्हटलं, ती रेकॉर्ड तुझ्या मोबाइलवर आहे का? त्यानं दोन सेकंदांत काढली. कानात घालायची ती दोन बोंडं असतात ना, त्यातलं एक त्यानं मला दिलं, एक स्वतःच्या कानात घातलं. म्हणजे पुन्हा एकच स्पीकर! खाणकामगारांचं गाणं लागलं. ते हसू आलं. नातू म्हणाला, "आजोबा, चुकला वाटतं तो."

म्हटलं, "गप्प बस. ऐकू दे."