उसन्या वाक्यांतील संशोधन

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी सादर होणारा संशोधन-आराखडा एक लेखनप्रकार म्हणून क्वचितच वाचला जातो. त्याच्याकडे कार्यालयीन कागद म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. वस्तुतः विद्यार्थ्याच्या स्वतंत्र विचाराची पहिली परीक्षा तेथेच होते. आणि आदिलाबाद परिसरातील आपल्या मुलांच्या बाबतीत ती बहुधा इंग्रजीत होते. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि विषय मांडायचा तो तिसऱ्याच भाषेत, अशी ही स्थिती आहे.

आपल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. त्यासाठी १९१७ मध्येच दारुत्तर्जुमा हा भाषांतर विभाग उभारून ग्रंथ व परिभाषा उर्दूत आणण्याचे काम हाती घेतले गेले. भारतीय भाषेत आधुनिक ज्ञान शिकवता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड घरांतील विद्यार्थ्यांना ती भाषाही शिकूनच घ्यावी लागली. १९४८ नंतर तिची जागा इंग्रजीने घेतली. माध्यम बदलले, परकेपणा मात्र राहिला.

या अडचणीची चर्चा सहसा व्याकरणापाशीच थांबते. मराठीत नसलेली ‘अ’ व ‘द’ ही इंग्रजी उपपदे चुकतात, क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, इत्यादी. हे दोष मार्गदर्शकाच्या लेखणीने दुरुस्त होऊ शकतात. खरी हानी निराळी आहे. परक्या भाषेत स्वतःचे वाक्य रचण्याचा धीर होत नाही, म्हणून विद्यार्थी जुन्या आराखड्यांतील तयार वाक्ये उचलतो. आणि वाक्याबरोबर प्रश्नही उसना येतो. समजा, केसलापूरच्या नागोबा जत्रेत गोंडी, मराठी व तेलुगू बोलणारी माणसे कोणती भाषा केव्हा वापरतात, हे एखाद्या विद्यार्थिनीला शोधायचे आहे. प्रश्न नेमका आहे. इंग्रजी आराखड्यात मात्र त्याचा ‘आदिवासी संस्कृतीचा समाजशास्त्रीय अभ्यास’ होऊन बसतो. या शीर्षकात चूक काढता येत नाही, कारण त्यात काही म्हटलेलेच नसते.

केवळ मराठीत लिहिल्याने हा दोष टळतो, असेही नाही. अनेक मराठी आराखड्यांत ‘गृहीतक’ या मथळ्याखाली जे लिहिले जाते, ती खरे तर परिकल्पना असते. गृहीतक म्हणजे आपण आधीच मानून चाललेली गोष्ट. परिकल्पना म्हणजे जी पुराव्यावर तपासून पाहायची, आणि प्रसंगी टाकून द्यायची, ती. हा भेद पुसला गेला की संशोधन जे सिद्ध करायचे तेच मानून चालते. इंग्रजी साच्याचे शब्द बदलले तरी विचाराचा साचा तोच राहतो, याचे हे उदाहरण आहे.

परकी भाषा अपरिहार्यपणे विचार खुंटवते असे मात्र मानण्याचे कारण नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म व्हिएन्नाचा, मातृभाषा जर्मन. १९४० च्या दशकात त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९४८ मध्ये राजगोंडांवरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात ‘सगा’, ‘पेर्सा पेन’ हे गोंडी शब्द त्यांनी कायम ठेवले आणि विवेचन त्यांच्याभोवती उभे केले. सात, सहा, पाच व चार देवांच्या सगांची रचना कोणत्याही तयार इंग्रजी संज्ञेत पुरती मावत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पाठीशी निजाम सरकारचे पाठबळ होते, ते आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी नसते, हे खरे. परंतु स्थानिक शब्द जपण्यासाठी पाठबळ लागत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते ते इतकेच. ‘मला नेमके काय शोधायचे आहे?’ याचे उत्तर विद्यार्थ्याने प्रथम घरच्या भाषेत एका वाक्यात लिहावे आणि नंतरच इंग्रजीकडे वळावे. ज्या शब्दांना इंग्रजी पर्याय नाही, ते तसेच ठेवून त्यांचा अर्थ द्यावा. असे मराठी टिपण ऐकून त्यावर शंका विचारणारे चार जाणते श्रोते साहित्य मंडळांना सहज देता येतील. आपल्या मुलांपाशी प्रश्न आहेत. ते इंग्रजीत जाताना हरवू नयेत, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.