‘सहमत’वर खूण केली म्हणजे मत कळलं का?

शाळांच्या शासकीय मूल्यांकनाबद्दल मुख्याध्यापक आणि शिक्षकांना काय वाटतं, हा संशोधनात पुन्हा पुन्हा येणारा विषय. तुम्हीही तो घेणार असाल, तर त्याचा नेहमीचा आराखडा आधी तपासा. एक तालुका, समजा मावळ. वीस-पंचवीस माध्यमिक शाळा, पाच पर्यायांची प्रश्नावली, ‘मूल्यांकनामुळे शाळेची गुणवत्ता वाढते’ अशी विधानं, मग सरासरी आणि टी-चाचणी. निष्कर्ष वाचायच्या आधीच ओळखता येतो: दृष्टिकोन सकारात्मक!

माझा आक्षेप गणितावर नाही, मोजपट्टीवर आहे. गुणवत्ता वाढायला नको, असं कोण म्हणेल? त्यात भरलेली प्रश्नावली मुख्याध्यापकांच्या टेबलावरून परत येत असेल, तर ‘असहमत’ लिहायची हिंमत किती जण करतील?

आता मूल्यांकनाचा कागदच बघू. २०१५ मध्ये आलेल्या ‘शाळा सिद्धी’त ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत. आधी शाळा स्वतःला १ ते ३ पैकी स्तर देते, मग बाह्य मूल्यांकन. पहिल्या क्षेत्रात मैदान, ग्रंथालय, प्रयोगशाळा अशी १२ संसाधनं येतात आणि प्रत्येकाला दोन स्तर द्यायचे असतात: ते पुरेसं उपलब्ध आहे का, आणि त्याचा दर्जा व उपयोग कसा आहे. लोणावळ्यातल्या एखाद्या शाळेला ऐसपैस मैदान असेल, पण पावसाळ्याचे चार महिने त्यावर मुलं उतरणार कशी? पहिल्या रकान्यात ३ लिहिणं सोपं आहे. दुसऱ्यात काय लिहायचं, इथे शिक्षकाचं खरं मत सुरू होतं.

आणि ते लिहिणं सोपं नसतं. खाजगी अनुदानित शाळेत पगार शासनाच्या अनुदानातून येतो, पण नेमणूक संस्थेची आणि इमारतही संस्थेची. ‘प्रयोगशाळा: स्तर १’ लिहिलं तर आपल्याच संस्थेविरुद्ध कागद तयार होतो. ‘३’ लिहिलं तर उद्या साहित्य कोणत्या तोंडानं मागायचं? ही कोंडी ‘सहमत-असहमत’च्या चौकटीत मावत नाही.

म्हणून एकच मानक घ्या. शाळेनं दिलेले दोन्ही स्तर बघा आणि विचारा: आकडा कोणी ठरवला? चर्चेला कोण कोण होतं? कमी स्तर लिहिल्यावर पुढे काय मिळालं? अनुदानित शाळेतली उत्तरं नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या उत्तरांशी ताडून बघा. तिथे इमारतीचा मालक वेगळा असतो.

मुलाखत शाळेबाहेर घ्या. शाळेचं नाव बदलणंही पुरेसं नाही. अंदर मावळातली ‘धरणाजवळची, दहावीपर्यंतची शाळा’ एवढं लिहिलं तरी तालुक्यातला माणूस ती ओळखेल, आणि तुमच्याशी मोकळं बोललेल्या शिक्षकाला त्याची किंमत मोजावी लागेल. असा तपशील प्रबंधातून गाळा, मग एखादा तक्ता कमी झाला तरी चालेल.