खुंटीने दात मजबूत होतो का?

‘रूट कॅनाल केलेला दात ठिसूळ होतो, म्हणून त्याच्या मुळात खुंटी (पोस्ट) बसवून तो मजबूत करावा लागतो’, असे आपण नेहमी ऐकतो. या एका वाक्यात दोन दावे आहेत. ते तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण आंजर्ल्यासारख्या गावातल्या माणसाला या उपचारासाठी दापोलीला किंवा खेडला अनेक खेपा घालाव्या लागतात. दात राखायचा की काढायचा, हे तो अशाच वाक्यांच्या भरवशावर ठरवतो.

प्रथम ठिसूळपणा पाहू. रूट कॅनालमध्ये दातातला सडलेला गर काढून मुळाची पोकळी गटापर्चाने भरतात. गर गेला की दात वाळतो व ठिसूळ होतो, अशी समजूत आहे. १९९२ साली सेजली व मेसर यांनी असे दात आणि त्याच व्यक्तींचे दुसऱ्या बाजूचे जिवंत दात यांची तुलना केली. त्यांच्या यांत्रिक गुणधर्मांत फारसा फरक आढळला नाही. मग असे दात मोडतात का? रीह, मेसर व डग्लस यांच्या १९८९ च्या मोजमापांत याचे उत्तर आहे. केवळ रूट कॅनालसाठी छिद्र पाडल्याने उपदाढेचा ताठरपणा ५ टक्क्यांनी घटला. पण मधल्या भागासह दोन्ही बाजूंच्या कडा कोरल्यावर तो ६३ टक्क्यांनी घटला. म्हणजे दात दुबळा होतो तो गर गेल्यामुळे नव्हे, तर किडीने खाल्लेल्या आणि कोरून काढलेल्या भागामुळे.

आता खुंटी. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात मुळात बसवायच्या सोन्या-चांदीच्या खुंट्यांचे वर्णन केले आहे. तेव्हापासून खुंटीचे खरे काम एकच : वर दात उरलेला नसेल, तेव्हा कृत्रिम भागाला धरून ठेवणे. १९७९ साली गझी व निकोल्स यांनी प्रयोगशाळेत खुंटी बसवलेल्या व न बसवलेल्या धडधाकट दातांवर भार दिला. खुंटीने बळकटी वाढल्याचे दिसले नाही. उलट तिच्यासाठी मूळ आणखी कोरावे लागते.

खुंटीचा पदार्थही महत्त्वाचा आहे. पोलादाचा ताठरपणा दाताच्या डेंटीनच्या दहापटींहून अधिक असतो. जांभ्याच्या चिऱ्यात लोखंडी पहार घट्ट ठोकून बाजूने ढकलली, तर पहार वाकण्याआधी चिरा फुटतो. मुळाचे तसेच होऊ शकते. १९९० नंतर प्रचारात आलेल्या तंतुमय खुंट्यांपैकी काचतंतूंच्या खुंट्यांचा ताठरपणा डेंटीनच्या बराच जवळ असतो. त्याही निकामी होतात, परंतु बहुधा सुटून येतात. सुटलेली खुंटी बऱ्याचदा पुन्हा बसवता येते. उभे फुटलेले मूळ मात्र बहुधा काढावेच लागते. म्हणून ‘किती निकामी झाल्या’ याइतकेच ‘कशा निकामी झाल्या’ हेही विचारले पाहिजे.

टिकाऊपणाच्या आकड्यांवर माझा मुख्य आक्षेप आहे तो इथेच. सोरेन्सन व मार्टिनॉफ यांनी १९८४ साली रूट कॅनाल झालेल्या १२७३ दातांच्या नोंदी तपासल्या. दाढा-उपदाढांना कॅपचा स्पष्ट फायदा दिसला, खुंटीचा तसा दिसला नाही. निष्कर्ष मोलाचा आहे, पण या जुन्या नोंदी होत्या. कोणत्या दाताला खुंटी द्यायची हे डॉक्टरांनी आधीच ठरवलेले होते, आणि खुंटी सहसा अधिक मोडक्या दातालाच मिळते. त्यामुळे केवळ अशा नोंदींवरून खुंटी निरुपयोगी ठरवणेही घाईचे होईल.

दुसरी अडचण परत न येणाऱ्या रुग्णांची. वर्गात हे उदाहरण द्यावे. समजा, १०० जणांना खुंट्या बसवल्या. पाच वर्षांनी ६० जण तपासणीला आले व ५७ जणांच्या खुंट्या शाबूत निघाल्या. यश ९५ टक्के म्हणायचे का? उरलेल्या ४० जणांपैकी कोणी कामासाठी मुंबईला गेला असेल, कोणी दात काढून मोकळा झाला असेल. सगळ्यांच्याच निकामी झाल्या असे धरले, तर यश ५७ टक्के. खरा आकडा ५७ आणि ९७ यांच्या मध्ये कुठेतरी असेल. ९७ कसे आले, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे.

बहुतेक अभ्यासांचे एका गोष्टीवर मात्र मतैक्य आहे. हिरडीच्या वर सुमारे दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात सभोवार उरला असेल आणि कॅपने त्याला कवटाळले असेल, तर दात अधिक टिकतो. कोयत्याची लाकडी मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी कडे बसवतात, तेच हे तत्त्व. तेव्हा ‘खुंटी कोणत्या कंपनीची?’ याआधी ‘हिरडीच्या वर माझा दात किती उरला आहे?’ हे दंतवैद्याला विचारावे. आणि उरलेला दात फार थोडा असेल, तर खेपा व खर्च यांचा हिशेब मांडून तो काढण्याचा निर्णय घेण्यातही अशास्त्रीय असे काही नाही.