टारझनचें मौन

नायकाच्या लोकप्रियतेचें कारण पुष्कळदां त्याला काय दिलें आहे यापेक्षां त्याच्यापासून काय काढून घेतलें आहे यांत सांपडतें. व्हॅन डाइक यांनीं दिग्दर्शित केलेला 'टारझन दि एप मॅन' हा १९३२ सालचा अमेरिकन बोलपट याचें उत्तम उदाहरण होय.

एडगर राइस बरोज यांच्या १९१२ सालीं मासिकांत प्रसिद्ध झालेल्या मूळ कादंबरींतील टारझन इंग्रज उमरावाचा पुत्र आहे. आईबापांच्या मागें राहिलेल्या पुस्तकांवरून तो स्वतःच वाचावयास शिकतो, आणि त्याचें शील हा कुळाचाच गुण असल्याचें लेखक सुचवितो. बोलपटानें तें कूळ आणि ती विद्या दोन्ही वगळलीं. येथें तो कोठून आला हें कोणी सांगत नाहीं. त्याच्या नांवावर खपणारें, स्वतःची व जेनची ओळख करून देणारें तें प्रसिद्ध वाक्यही या पटांत नाहीं. आहेत तीं केवळ दोन नांवें आणि आळीपाळीनें टेकणारें बोट. कूळ गेल्यानें नायकाचें कांहींच उणें झालें नाहीं. होमी वाडिया यांनीं १९३७ सालीं मुंबईंत जॉन कावस यांना घेऊन 'तूफानी टारझन' काढला, तेव्हां टारझन होण्यास इंग्रज रक्त लागत नाहीं हें सिद्धच झालें.

आमच्या मतें त्याचें आकर्षण त्याच्या मौनांत आहे. जेनचे वडील व त्यांचा सोबती होल्ट हत्तींच्या स्मशानांतील हस्तिदंत शोधीत रानांत शिरतात. एकट्या टारझनला त्या दंताचें मोल नाहीं. तो जेनला प्रथम पळवूनच नेतो. परंतु पुढें नदीकाठच्या प्रसंगांत ती एकटीच बोलत राहते, आणि त्याला कळत नाहीं म्हणूनच तिला मनांतलें बोलतां येतें. मॉरीन ओसलिव्हन यांनीं भीति, थट्टा व ओढ यांची सरमिसळ तेथें सुरेख साधली आहे.

हा निसर्गपुरुष मात्र तरणतलावांत घडलेला आहे. शंभर मीटरचें अंतर एका मिनिटाच्या आंत पोहणारा पहिला पुरुष, १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिक सामन्यांत मिळून पांच सुवर्णपदकें मिळविणारा जॉनी वाइसमुलर! त्याची सहजता नित्याच्या अभ्यासाचें फळ होय. रानही बव्हंशीं कॅलिफोर्नियांतलें. हत्ती आशियांतले, खोटे कान लावलेले. हीं सोंगें आम्हीं आनंदानें मान्य करतों.

आमचा आक्षेप निराळा आहे. डोंगराच्या अरुंद वाटेवरून एक आफ्रिकी हमाल दरींत कोसळतो. त्याच्याविषयींची हळहळ क्षणांत आटोपते, आणि चौकशी होते ती त्याच्या ओझ्यांत काय होतें याची. बोलत तर तोही नव्हता! गोऱ्या पुरुषाच्या मौनांत अंतःकरण शोधणारा कॅमेरा काळ्या माणसाच्या मौनाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. हस्तिदंताच्या लोभाला दोष देणारा पट माणसाचें मोल करतांना त्याच लोभाचा तराजू वापरतो. हें त्या काळाचें वैगुण्य खरें. पण तेवढ्यानें तें क्षम्य ठरत नाहीं.

मग मुलांना हा पट दाखवावा काय? अवश्य दाखवावा. त्यांना ती आरोळी मनसोक्त ठोकूं द्यावी. मात्र तो कडा आला कीं एवढेंच विचारावें : जो पडला, त्याचें नांव काय होतें?