पाच कलमे आणि पैनगंगेचे दोन काठ

17 सप्टेंबर 1948 ही हैदराबाद मुक्तीची तारीख मराठवाड्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 29 नोव्हेंबर 1947 मात्र फार थोड्यांना आठवते. त्या दिवशीच्या ‘जैसे थे करारा’वर भारताचे गव्हर्नर जनरल माउंटबॅटन आणि हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सह्या आहेत. आपल्याकडच्या पुस्तकांत हा करार एका वाक्यात येऊन जातो आणि लगेच रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प, पोलीस ॲक्शन सुरू होतात. मला वाटते, नांदेड-लातूरच्या माणसाने तो मुळातून, सावकाश वाचावा. दोन लहान उद्देशिका आणि पाच कलमे, एवढाच त्याचा पसारा. पण इतक्या कमी शब्दांत इतकी सावध, इतकी घडीव रचना राजकीय लिखाणात क्वचितच सापडते.

पहिल्याच ओळीपाशी थांबायला हवे. करार कोणाकोणात आहे? एका बाजूला ‘डोमिनियन ऑफ इंडिया’, म्हणजे एक राज्य. दुसऱ्या बाजूला ‘निजाम ऑफ हैदराबाद अँड बेरार’, म्हणजे एक माणूस. हैदराबाद संस्थान सुमारे 82 हजार चौरस मैलांचे आणि त्यातली प्रजा दीड कोटीहून अधिक. पण पुढच्या कलमांतही दुसरा पक्ष म्हणून येतो तो निजामच. प्रजेचा उल्लेख कुठेही नाही. सही झाली तेव्हा हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात होते. भारतीय संघराज्यात सामील व्हा, अशी मागणी करणारी चळवळ त्यांच्याच नेतृत्वाखाली त्या ऑगस्टपासून चालू होती. कराराच्या भाषेत तिला जागाच नव्हती.

त्या नावातला दुसरा शब्द, बेरार, आपल्यासाठी अधिक बोलका आहे. वऱ्हाडाचा कारभार 1853 सालीच निजामाच्या हातून गेला होता आणि 1902 मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. 1936 नंतर निजामाच्या पदवीत वऱ्हाडाचे नाव जोडले गेले, सत्ता मात्र नागपूरचीच राहिली. आता नकाशावर पैनगंगा पाहावी. अलीकडे हदगाव, नांदेड जिल्हा, निजामाचा मुलूख. पलीकडे उमरखेड, यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. नांदेडच्या स्वातंत्र्यसैनिकांचा मोठा कॅम्प या उमरखेडलाच होता. ज्या भूमीचे नाव निजाम करारात स्वतःच्या नावापुढे लावतो, तिथूनच त्याच्याविरुद्धचा लढा चालत होता. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली ती याच कॅम्पच्या लोकांनी. करार होऊन नुकतेच दोन महिने झाले होते. कागदावरची सरहद्द आणि पायाखालची सरहद्द यांतले अंतर मला या एका पदवीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

उद्देशिकेचा सूर मोठा सौम्य आहे. दोन्ही पक्षांना निकट सहकार्याने आणि स्नेहाने राहायचे आहे. संबंधांचे स्वरूप काय असावे, याबद्दल अंतिम समझोता अजून झालेला नाही. तो होईपर्यंत सामायिक बाबींतली व्यवस्था चालू ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे. वाटाघाटींत मतभेद किती टोकाचे होते याची यात गंधवार्ताही नाही. ऑक्टोबरमध्ये जवळपास याच मसुद्याला निजामाच्या मंत्रिमंडळाने बहुमताने मान्यता दिली होती. 27 ऑक्टोबरच्या पहाटे हजारोंच्या जमावाने निजामाच्या वाटाघाटी करणाऱ्या शिष्टमंडळातले पंतप्रधान छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला आणि शिष्टमंडळाचे दिल्लीला जाणे थांबले. त्या जमावामागे कासिम रझवी होता, लातूरचा वकील, निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या. मग शिष्टमंडळ बदलले, पंतप्रधान बदलला, महिना गेला, आणि अखेर ज्यावर सही झाली तो मजकूर जवळपास जुनाच होता. हे ठाऊक असले की उद्देशिकेतला ‘स्नेह’ वाचताना मन जड होते. तरीही मसुदा लिहिणाऱ्यांचे कौतुक वाटते. भांडणाचा एकही ओरखडा त्यांनी कागदावर उमटू दिला नाही.

पहिले कलम हा कराराचा प्राण. 15 ऑगस्ट 1947 च्या लगेच आधी ब्रिटिश राजसत्ता आणि निजाम यांच्यात परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण यांसह सामायिक बाबींविषयी जे करार आणि ज्या व्यवस्था होत्या, त्या भारत आणि निजाम यांच्यात चालू राहतील. दिल्लीला सामीलनाम्यात हवे होते ते तिन्ही विषय इथे आले, सामीलनाम्याचे नाव न घेता. लातूरच्या पेठेला ही ‘सामायिक बाब’ रोज भेटत होती. मिरजेहून कुर्डुवाडी, बार्शीमार्गे येणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सरहद्द ओलांडूनच लातूरला पोचे. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे भारताचा कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. करारानंतर लवकरच निजाम सरकारने भारतीय चलनावर बंदी घातली, मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर निर्बंध आणले. दिल्लीने हा करारभंग मानला. वाद दोन सरकारांचा होता, पण बार्शी-सोलापूरशी देवघेव असलेल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यापर्यंत तो आला.

याच कलमाचा उत्तरार्ध मला संपूर्ण करारातला सर्वांत कुशल भाग वाटतो. अंतर्गत शांतता राखण्यासाठी निजामाच्या मदतीला सैन्य पाठवण्याचे बंधनही भारतावर नाही आणि तसा हक्कही नाही. संस्थानात सैन्य ठेवायचे ते फक्त युद्धकाळात, निजामाच्या संमतीने. ती संमती त्याने विनाकारण नाकारायची नाही. आणि युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत सैन्य माघारी. ‘बंधन नाही’ हे दिल्लीसाठी, ‘हक्क नाही’ हे निजामासाठी. तैनाती फौजेच्या काळापासून निजामाच्या गादीमागे परकी संगिनी उभ्या होत्या. प्रजा उठली तर त्या आता धावून येणार नाहीत, असे दिल्लीने वाचले. भारताची फौज आपल्या मुलखात पाऊल टाकणार नाही, असे निजामाने वाचले. एकाच वाक्यातून दोघेही समाधानाने उठले. सिकंदराबादची भारतीय फौज 1948 च्या सुरुवातीला निघून गेली. हैदराबादेत उरले भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी, दुसऱ्या कलमाप्रमाणे नेमलेले.

तिसऱ्या कलमाची कारागिरी वेगळ्या जातीची आहे. या करारातून सार्वभौम सत्तेचे नाते निर्माण होत नाही, असे ते आधी सांगते. मग, करार संपल्यावर त्यातून कोणालाही कोणताही हक्क उरणार नाही आणि कोणाचा आधीचा हक्क कमीही होणार नाही, असे बजावते. वर्षभर सोबत चालायचे आणि वर्षाअखेरी दोघांनी जिथून निघालो तिथेच उभे असायचे. वेळ मिळवण्यासाठी याहून निर्दोष वाक्य लिहिता येणार नाही. प्रश्न इतकाच की तो वेळ कोणाच्या खर्चाने मिळाला. सरहद्दीवरच्या खासगी सशस्त्र टोळ्यांविषयी पाचही कलमांत एक अक्षर नाही. सरकारे तहाने बांधली गेली, रझाकार बांधले गेले नाहीत. बार्शी-सोलापूर भागात तर संस्थानी गावे भारतीय हद्दीत बेटांसारखी विखुरलेली होती. त्यातल्याच नानजजवळ जुलै 1948 मध्ये भारतीय सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला आणि सैन्याने ते गाव ताब्यात घेतले.

चौथ्या कलमात अशा वादांची सोय होती. दोन लवाद, प्रत्येक पक्षाचा एक, आणि त्या दोघांनी मिळून नेमायचा पंच. हैदराबादने लवादाची मागणी केलीही. पण लवाद कधी बसला नाही. ऑगस्टमध्ये निजाम सरकार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेले. 13 सप्टेंबरला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारताच्या फौजा आत आल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. पाचव्या कलमाने दिलेले एक वर्ष पुरे व्हायला तेव्हा अजून अडीच महिने होते. भारताने हे पाऊल उचलायला नको होते, असे मी म्हणणार नाही; उमरी-हदगावच्या माणसाला दुसरी सुटका दिसत नव्हती.

पण रसग्रहण करायचे तर ते पुरते करावे लागते, आणि म्हणून मी पुन्हा पहिल्या कलमातल्या ‘अंतर्गत शांतते’कडे येतो. करार लिहिणाऱ्यांनी ती मोठ्या चातुर्याने दोन्ही सरकारांच्या जबाबदारीतून बाजूला काढली होती. आधीचे दहा महिने तिची किंमत हिंदू गावकऱ्यांनी मोजली. ॲक्शननंतरच्या आठवड्यांत ती मुसलमान गावकऱ्यांनी मोजली, रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांनीही. त्या हिंसेची पाहणी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. समितीचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. करार, मुक्तिसंग्रामाची हकीगत आणि हा अहवाल, तिन्ही एकाच बैठकीत वाचण्याची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही. ती लावायला नांदेड आणि लातूर यांच्याइतका हक्क, आणि तितकीच गरजही, दुसऱ्या कोणत्या गावाला नाही.